गोष्ट सांगा, पण सावकाश सांगा!



दिवाळीनंतरचे दिवस डोळ्यांसमोर आणा. दिवसभर कापूस वेचून बोटे बोंडांच्या टोकांनी ओरबाडली आहेत. ओटीतला कापूस घरातल्या ढिगावर पडला आहे. कोठ्यात बैलांपुढे कुटार टाकून झाले आहे. चुलीत पऱ्हाटीच्या काड्या तडतडत आहेत, भाकरीचा वास सुटला आहे, आणि एवढ्यात घरातले सर्वांत लहान पोर आजीच्या पदराला धरून म्हणते, "आजी, गोष्ट सांग ना वं!"

आजीने पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल, हे आम्ही येथे बसून ओळखू शकतो. कावळ्याचे घर होते शेणाचे आणि चिमणीचे होते मेणाचे! खरे ना? तुम्हीही तीच ऐकली, तुमच्या आईनेही तीच ऐकली. त्या गोष्टीत ना राजा, ना लढाई. पाऊस आहे, दार आहे, चूल आहे आणि बोलणारी दोन पाखरे आहेत. तरी पोर डोळे विस्फारून ऐकते.

आज विषय काढला आहे तो अशाच गोष्टींचा. पशुपक्षी जिच्यात माणसासारखे बोलतात-वागतात, थोडी जादू असते, घराची ऊब असते आणि दोन जिवांची माया घाई न करता हळूहळू पिकत जाते, अशा गोष्टींचा. "रिकामटेकड्यांचे काम!" असे एखादे आजोबा म्हणतील. त्यांनाही विनंती, शेवटपर्यंत वाचा आणि मग बोला.

तलवार ठेवली, दुकान मांडले

इंग्रजी वाचणाऱ्या देशांत अलीकडे अशा कादंबऱ्यांना फार मागणी आली आहे. २०२२ साली ट्रॅव्हिस बॉलड्री नावाच्या अमेरिकन लेखकाची ‘लिजंड्स अँड लाटेज’ ही कादंबरी आली आणि पुष्कळ गाजली. गोष्ट एवढीच, की राक्षसकुळातली एक लढवय्यी बाई लढाया करून कंटाळते, तलवार भिंतीला टांगते आणि एका गावात घोड्यांचा जुना तबेला विकत घेऊन तेथे कॉफीचे दुकान काढते. त्या गावाला कॉफी म्हणजे काय तेच ठाऊक नाही! उंदराच्या जातीचा एक आचारी येऊन दालचिनीचे गोड पाव भाजू लागतो. एक भले थोरले मांजर येऊन पडून राहते. दुकानातल्या सोबतिणीशी त्या बाईचा जीव जडतो, पण तो इतका हळूहळू, की वाचणाऱ्याला आधी कळते आणि त्या दोघींना मागाहून.

जग बुडायला आलेले नाही, कोणी कोणाचे राज्य घेत नाही. दुकान चालेल का आणि मन जुळेल का, एवढीच काळजी. तरीही लाखो माणसे असे पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. का बरे?

कारण दमलेल्या माणसाला आणखी एक लढाई नको असते. दिवसभर भावाची, पावसाची, बँकेच्या हप्त्याची लढाई झालेलीच असते. जग अजून राहण्याजोगे आहे, एवढे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आमच्या आजीची चिमणी हेच सांगत होती. तेव्हा हे नवल परदेशात निघाले, असे समजू नका. त्याचे मूळ आपल्या विदर्भातच फार जुने आहे. ते पुढे येईलच.

जनावराला आधी कळते

अशा गोष्टींत जनावर का लागते, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावे लागेल. तुम्हाला नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावणाऱ्या घराला ते ठाऊकच असते. धनी आजारी पडला तर बैल दावणीला कसा उभा राहतो, हे तुम्ही पाहिले आहे. गाय घरातल्या कोणत्या बाईला पान्हा सोडते आणि कोणीला नाही, हेही पाहिले आहे. जनावराला लबाडी जमत नाही. म्हणून गोष्टीत माणसे एकमेकांना ओळखायला चुकतात, तेव्हा खरे काय ते जनावर सांगते.

याचा सर्वांत सुंदर दाखला म्हणजे आपल्या विदर्भाच्या लेकीची, दमयंतीची गोष्ट. महाभारताच्या वनपर्वात ती आहे. सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांनी ती मराठीत आणली आणि त्यांचा हंस तेव्हापासून मराठी घराघरांत बोलत आहे. दमयंती ही विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. तिचे माहेर कुंडिनपूर, म्हणजे वर्धा नदीकाठचे आजचे कौंडिण्यपूर, असे मानतात. आपल्या वऱ्हाडातल्याच अमरावती जिल्ह्यात ते येते.

ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पण आज तिच्यातली जनावरे मोजत मोजत पुन्हा ऐका.

निषध देशाचा राजा नल बागेत सोनेरी पंखांचा एक हंस पकडतो. हंस म्हणतो, मला मारू नको, दमयंतीजवळ तुझे नाव काढीन. तो विदर्भात उडत येतो आणि दमयंतीला बागेत आपल्यामागे धावायला लावून माणसाच्या वाणीने नलाचे गुण सांगतो. दोघांनी एकमेकांना पाहिलेलेसुद्धा नाही! मनात बी पेरले ते एका पाखराने.

पुढे स्वयंवर होते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नलाचेच रूप घेऊन बसतात. पाच नल! खरा कोणता? दमयंती नीट पाहते. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याच्या अंगाला धूळ आहे, कपाळावर घाम आहे, गळ्यातली माळ मलूल झाली आहे आणि त्याची सावली जमिनीवर पडली आहे. दमयंती त्याच्या गळ्यात वरमाला घालते.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबा. चार देव सोडून विदर्भाच्या मुलीने घामाचा आणि धुळीचा माणूस निवडला. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट वाचायची नाही, तर कोणाच्या घरात वाचायची?

सोयाबीन निघते, तूर उभी राहते

पण लग्न झाले म्हणजे गोष्ट संपली, असे नाही. खरी गोष्ट तेथून सुरू होते. नल जुगारात राज्य घालवतो. दोघे रानात जातात. एके रात्री झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र फाडून घेऊन नल तिला सोडून निघून जातो. फाशांनी घर कसे बसते, हे गावात कोणाला सांगायला नको. हल्ली फासे नसतील, पण पत्ते आहेत, आकडा आहे आणि खिशातल्या मोबाइलवरचे खेळ आहेत.

त्यानंतर परत जुळायला किती वेळ लागला पाहा. दमयंती रानात वाघाला विचारते, डोंगराला विचारते, अशोकाच्या झाडाला विचारते, माझा नल पाहिला का? दुसऱ्याच्या घरी ती दासी म्हणून राहते. नल वणव्यातून कर्कोटक नागाला वाचवतो. तो नाग त्याला डसतो आणि त्याचे रूप पालटते. कुरूप बाहुक होऊन नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोडे सांभाळायला आणि स्वयंपाकाला राहतो.

शेवटी दमयंती एक युक्ती करते. दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून ती ऋतुपर्णाला बोलावते, तेही एका दिवसात. एवढी वाट एका दिवसात कापील असा सारथी एकच, हे तिला ठाऊक असते. बाहुक घोडे निवडतो ते दिसायला रोडके. राजा नाक मुरडतो. पण बाहुकाने त्यांच्या अंगावरचे भोवरे पाहून ठेवलेले असतात. बैलबाजारात तुम्ही जोडी घेताना हेच तर पाहता!

रथ कुंडिनपुराजवळ येतो. आवाज ऐकून प्रथम कोण ओळखते? नलाचे जुने घोडे. ते मुलांबरोबर आधीच कुंडिनपूरला आलेले असतात. धन्याच्या हाकण्याचा आवाज कानी पडताच ते हरखतात. राजवाड्यातले हत्ती आणि मोरही कान देतात. माणसे मात्र अजून कुरूप बाहुकच पाहत आहेत. दमयंती घाई करत नाही. आपल्या दासीला, केशिनीला, ती त्याचा स्वयंपाक पाहायला पाठवते. त्याच्या हातात चूल आपोआप पेटते, रिकामी भांडी पाण्याने भरतात, हाताने कुस्करलेली फुले अधिक ताजी होतात. मग दमयंती त्याने रांधलेल्या अन्नाचा एक घास मागवते, चव घेते आणि तिला खूण पटते. माणूस चेहऱ्याने नाही, हाताच्या चवीने ओळखू आला!

घाई नसलेले प्रेम म्हणतात ते हेच. आपल्याकडे जूनमध्ये सोयाबीन आणि तूर एकाच शेतात पेरतात. शंभर-सव्वाशे दिवसांत सोयाबीन निघते, खळे होते, पैसा येतो आणि जातो. तूर मात्र उभीच असते. थंडी पडते, फुलोरा येतो, शेंगा भरतात, आणि डिसेंबर-जानेवारीत ती काढणीला येते. पाहताक्षणीचे प्रेम सोयाबीनसारखे असते. या गोष्टींतले प्रेम तुरीसारखे असते.

पाहताक्षणीच्या प्रेमाचीही एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात आहे. लोणारच्या सरोवराची कथा अशी सांगतात, की लवणासुर तेथे जमिनीखाली दडून बसे. विष्णू देखण्या तरुणाचे रूप घेऊन आला. लवणासुराच्या दोन बहिणी त्याच्यावर भुलल्या आणि त्यांनी भावाची जागा दाखवून दिली. तो दैत्य मेला ते बरेच झाले. पण एका नजरेत भाऊ गेला, हेही त्या कथेत आहेच. लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ पाहायला गेलात, तर दमयंतीला आठवा. तिने चार-चार देव समोर असता नीट पाहून घेतले होते.

आणि ही सावकाश प्रीत आपल्या मातीला परकी नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी वकिली करता करता रानातल्या प्रीतीची गाणी लिहिली. रानात घुमणाऱ्या शिळेचे त्यांचे गाणे गायक जी. एन. जोशी यांनी ध्वनिमुद्रिकेतून महाराष्ट्रभर नेले. १९५४ साली त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह निघाला आणि १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भेटण्यापेक्षा वाट पाहण्यातच ज्याची गोडी आहे, असे प्रेम त्यांनी मेहकरात बसून लिहिले.

रोही आणि रानडुकराचे काय?

आता एक रास्त शंका. तुम्ही म्हणाल, "साहेब, हंस आणि चिमण्या ठीक. पण आमच्या हरभऱ्यात रोही शिरतात, रात्रीत मका रानडुकरे लोळवतात. जागलीला माळ्यावर बसून थंडी आम्ही खातो. आम्ही जनावरांच्या गोडगोड गोष्टी वाचायच्या?"

शंका खरी आहे. शेतात कुंपण लागेल, जागल लागेल, नुकसानीचा पंचनामाही करून घ्यावा लागेल. गोष्ट त्याच्या आड येत नाही. पण एक अनुभव आठवून पाहा. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. शेते, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात डोकावून, तेराशे किलोमीटरहून अधिक चालून तो वर्षाअखेरीस आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जोडीदारीण आणि हक्काचे रान शोधत तो फिरला असावा, असे जाणकारांनी सांगितले. ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. त्याच्यासाठी वाघीण आणावी का, याचाही तेव्हा विचार झाला.

त्या वाघाची भीती खरीच होती. पण पारावर बसलेला माणूस ती बातमी ऐकून काय म्हणाला असेल? "बिचारा, किती चालला हो!" असेच ना? भीती तिच्या जागी राहिली आणि मनात माया आली. गोष्टीतले जनावर हेच काम करते. आपण त्याला शेतातून हाकलतो, पण त्यालाही एक घर हवे आहे, हे विसरत नाही. ज्या पोराने अशा गोष्टी ऐकल्या, ते पोर थकलेल्या बैलाला पराणी टोचताना थबकते. हा फायदा लहान नाही.

या कादंबऱ्यांचा एक दोषही सांगून टाकतो. पुष्कळ पुस्तकांत सगळे गोडच गोड असते. कोणाला कर्ज नाही, कोणाचे कमरेचे दुखणे नाही, दुकान आपोआप चालते. असे पुस्तक साखरेच्या पाण्यासारखे असते. तहान भागल्यासारखी वाटते आणि लगेच पुन्हा लागते. चांगले पुस्तक ओळखायची खूण सांगतो. त्यात कष्ट दिसतात का पाहा. कोणी भांडी घासते का, घोड्याला खरारा करते का, भाजी निवडते का? आणि दुःख आहे का? दमयंतीचे अर्धे वस्त्र फाटले होते, तेव्हाच शेवटच्या घासाला चव आली. दुःख असावे, पण त्याने दार कायमचे लावून घेऊ नये.

सात लाखांतले एक लाख

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. देऊळगावराजावरून जालन्यामार्गे खाली उतरले, की पुढे गोदावरीकाठी पैठण लागते. तेथे सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा आहे. एका पैजेत हरल्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि लोकांची रोजची बोली या तिन्ही भाषा सोडून तो रानात गेला. तेथे पैशाची ही हलकी समजली जाणारी बोली तो शिकला. तिच्यात त्याने सात वर्षे खपून सात लाख श्लोकांची गोष्ट लिहिली. रानात शाई कोठली? आपल्याच रक्ताने लिहिली. विद्याधरांची जादू, बोलणारी जनावरे, ताटातुटी आणि पुनर्भेटी सगळे त्यात होते. ‘बृहत्कथा’ म्हणतात ती हीच.

शिष्यांनी ती दरबारात नेली. राजाने बोली ऐकून नाक मुरडले आणि ती परत पाठवली. गुणाढ्याच्या मनाला ते लागले. तो टेकडीवर अग्नी पेटवून बसला. एक एक पान वाची आणि आगीत टाकी. ऐकायला कोण होते? रानातले हरीण, डुक्कर, रेडे, पाखरे. ती भोवती कोंडाळे करून उभी राहिली आणि चरायचे विसरून डोळ्यांतून पाणी गाळत ऐकू लागली.

इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकलेले येते. राजाने आचाऱ्याला विचारले, आचाऱ्याने शिकाऱ्याला. शिकारी म्हणाला, महाराज, रानातली जनावरे रोडावली आहेत, एक ब्राह्मण गोष्ट वाचतो आणि ती खाणे सोडून ऐकतात! राजा धावत गेला. तोपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला होता एक लाख, तोही शिष्यांच्या आवडीचा म्हणून मागे ठेवलेला.

ती मूळ पोथी आज मिळत नाही. पण तिच्यावरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने सूर्यवती राणीच्या करमणुकीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातल्याच वेताळाच्या गोष्टी पुढे ‘चांदोबा’ मासिकाने मराठी घराघरांत पोचवल्या. राजाच्या खांद्यावरचे ते प्रेत आणि झाडाला लोंबकळणारा वेताळ तुमच्यापैकी कित्येकांनी कंदिलाच्या उजेडात पाहिला असेल. ‘चांदोबा’ आता बंद पडला आहे, गोष्ट मात्र टिकली.

बंधू-भगिनींनो, गुणाढ्याची कथा जुनी म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या घरातल्या आजीचेही सात लाख आहेत. वऱ्हाडी बोलीतल्या तिच्या गोष्टींना "अडाणी बोली" म्हणून आपणच नाक मुरडतो. ओसरीवर ती एकटी बसलेली असते आणि घरात प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. रोज एक एक पान जळते आहे. गोष्ट ऐकायला पोरे नाहीत. गुणाढ्याला निदान हरणे तरी मिळाली होती!

आणि घरातल्या सुनेविषयीही एक शब्द. दुपारी कामे आटोपून ती पुस्तक घेऊन बसली, की "काऊन वं, लय वाचून कोण्या कचेरीत जायचं हाय?" असे कोणी म्हणते. म्हणू नका. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बाईचा तो एक तास तिचा स्वतःचा असतो. माया हळूहळू पिकते, रुसलेला माणूस हाताच्या चवीवरून ओळखू येतो, हे ती त्या पुस्तकात वाचत असेल, तर ते अखेर तुमच्याच घराच्या कामी येणार आहे.

तेव्हा या हंगामात तीन कामे करा. पहिले, शाळेत जाणाऱ्या नातवाला एक शंभर पानी वही द्या. आजीने सांगितलेली गोष्ट तिच्याच शब्दांत त्याने लिहावी. शुद्ध करू नये, ‘गोठ’ला ‘गोष्ट’ करू नये. दुसरे, आपल्या किंवा शेजारच्या गावच्या ग्रंथालयात जा. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ साली झाला आणि त्याखाली खेड्यांतल्या लहान ग्रंथालयांनाही अनुदान मिळते. तेथे नल-दमयंतीचे आख्यान मागा, ‘कथासरित्सागर’ मराठीत मागा. नसेल तर मागणी नोंदवा. तिसरे, आठवड्यातून एक रात्र जेवण झाल्यावर सगळ्यांचे मोबाइल कोनाड्यात ठेवा आणि घरातल्या कोणी एकाने मोठ्याने वाचावे.

वाचताना घाई मात्र करू नका. चिमणीला दार उघडायला वेळ लागतो. बाळाला तीट लावायची असते, पावडर लावायची असते. बाहेर भिजणाऱ्या कावळ्यासाठी पोराचा जीव तुटतो, तो त्या थांबण्यातच तुटतो. आजीने एकदम दार उघडले असते, तर तुम्हाला ती गोष्ट आज आठवली असती का?